विश्लेषण : बाभळीच्या डिंकापासून ‘क्यूएलईडी’ टीव्हीपर्यंत... नॅनोकणांना आवरण कशासाठी लागते?

टीव्हीच्या दुकानात एकाच मापाचे दोन पडदे शेजारी लावलेले असतात. एकाच्या किमतीत काही हजारांची भर असते आणि त्याच्या खोक्यावर ‘क्वांटम डॉट’ असे छापलेले असते. ‘यात रंग जास्त खुलतात साहेब’, एवढे विक्रेता सांगतो. ते खोटे नाही. पण त्या रंगांचे निम्मे श्रेय ज्याला द्यायला हवे, त्याचा उल्लेख खोक्यावर कुठेच नसतो. ते म्हणजे प्रत्येक अतिसूक्ष्म कणाभोवतीचे आवरण आणि ते कण ज्यात घट्ट बसवले जातात ते पॉलिमर.

याच आवरणाच्या प्रश्नावर अंबरनाथमध्ये, कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या एका महाविद्यालयात दहा-बारा वर्षांपूर्वी काम झाले. त्यासाठी वापरलेला कच्चा माल होता बाभळीचा डिंक आणि शिंगाड्याची साल. आज ज्या पट्ट्यात रंग, रेझिन आणि रसायनांचे शेकडो कारखाने आहेत, त्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसरासाठी हा विषय वाटतो तितका लांबचा नाही. उद्योगाच्या दृष्टीने नाही आणि नळाला येणाऱ्या पाण्याच्या दृष्टीने तर नाहीच.

अंबरनाथमध्ये नेमके काय झाले?

अंबरनाथ पश्चिमेला जांभूळ फाट्याजवळ एसआयसीईएस महाविद्यालय आहे. तिथल्या एन.एस.एन. नॅनोतंत्रज्ञान व जैव-नॅनोतंत्रज्ञान संशोधन केंद्रातून गेल्या दशकात आंतरराष्ट्रीय नियतकालिकांमध्ये अनेक शोधनिबंध गेले. या कामामागे डॉ. माधुरी शेरॉन आणि आयआयटी मुंबईत दीर्घकाळ अध्यापन केलेले प्रा. महेश्वर शेरॉन हे दोघे होते. प्रा. शेरॉन यांच्या गटाने आयआयटीत असतानाच देवघरातल्या कापरापासून नॅनोकार्बन बनवण्याची वाट धरली होती. कापराच्या वाफेपासून तयार केलेल्या स्पंजासारख्या कार्बन मण्यांवरचा त्यांचा निबंध १९९८ मध्ये ‘कार्बन’ या नियतकालिकात आला. त्याच्या सहलेखकांत कार्बन नॅनोट्यूबमुळे जगभर नाव झालेले जपानचे सुमिओ इजिमा हेही होते.

अंबरनाथच्या केंद्राचे तीन निबंध या विषयाला थेट भिडतात. २०१३ मध्ये बाभळीच्या डिंकाच्या मदतीने चांदीचे नॅनोकण बनवून ते किती टिकतात आणि सूक्ष्मजीवांवर त्यांचा काय परिणाम होतो, हे तपासले गेले. त्याच वर्षी शिंगाड्याच्या सालीचा अर्क उकळून त्यातून ‘कार्बन डॉट’ म्हणजे अतिनील प्रकाशात हिरवे चमकणारे कार्बनचे कण मिळवले. अर्क किती वेळ उकळायचा यावर कणांचा आकार ठरत होता. वेगवेगळ्या आकारांचे कण निवडायला साखरेच्या द्रावणाचे कमी-जास्त घट्ट थर एकावर एक रचून, ते यंत्रात वेगाने फिरवले गेले. जड कण खालच्या थरात, हलके वरच्या.

२०१४ च्या तिसऱ्या निबंधात डिंकालाच मायक्रोवेव्हची उष्णता देऊन कार्बन डॉट तयार केले आणि त्यांच्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक चढवले. औषध हळूहळू सुटत गेले, आणि नुसत्या कणांच्या चमकेमुळे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत यीस्टच्या पेशी हिरव्या उजळलेल्या पाहता आल्या.

डिंक, साल, साखर. ऐकायला घरगुती वाटते. पण यातली खरी गोष्ट डिंकात आहे, कारण डिंक हे निसर्गाने बनवलेले पॉलिमर आहे.

नॅनोकण एकटा का राहू शकत नाही?

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. माणसाचा केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. आपण ज्या कणांबद्दल बोलतोय ते २ ते १० नॅनोमीटरचे.

इतक्या लहान कणाची अडचण अशी की त्याला ‘आत’ असे फारसे काही उरत नाही. ३० नॅनोमीटरच्या कणात सुमारे ५ टक्के अणू पृष्ठभागावर असतात. ३ नॅनोमीटरच्या कणात हे प्रमाण जवळपास निम्मे होते. आतल्या अणूला चहूबाजूंनी शेजारी असतात, पृष्ठभागावरच्या अणूची एक बाजू मात्र मोकळी राहते. ती मोकळी बाजू काहीतरी पकडायला टपलेली असते. शेजारून दुसरा कण गेला की दोघे चिकटतात, मग तिसरा, चौथा. काही वेळाने बाटलीच्या तळाशी गाळ बसतो आणि नॅनोकणाचा साधा चुरा होतो.

हे थांबवायचे दोन मार्ग आहेत. कणांवर सारखाच विद्युतभार ठेवायचा, म्हणजे ते एकमेकांना ढकलतील. पण पाण्यात थोडे मीठ पडले तरी हा भार झाकला जातो आणि कण पुन्हा चिकटतात. दुसरा मार्ग जास्त भरवशाचा आहे. कणावर लांब साखळ्यांच्या रेणूंचे, म्हणजे पॉलिमरचे केसाळ आवरण चढवायचे. दोन कण जवळ आले तरी त्यांच्या साखळ्या एकमेकींत घुसायला जागा नसते आणि गाभे लांबच राहतात.

याचे रोजचे उदाहरण स्वयंपाकघरात आहे. दुधातली केसीन प्रथिने साधारण १०० ते २०० नॅनोमीटरच्या गोळ्यांच्या रूपात तरंगत असतात आणि त्या गोळ्यांवर एका विशिष्ट केसीनच्या साखळ्यांची केसाळ लव असते. म्हणून दूध एकसंध राहते. लिंबू पिळले की आम्लाने ती लव आडवी पडते, गोळे एकमेकांना चिकटतात आणि दूध फाटते. नॅनोकणांच्या प्रयोगशाळेत दिवसभर जे टाळण्याची धडपड चालते, ते पनीर करताना आपण मुद्दाम घडवतो.

हे तंत्र नवे आहे का?

मुळीच नाही. पोथ्या ज्या शाईने लिहिल्या गेल्या ती दिव्याची काजळी आणि डिंक घोटून बनत असे. काजळीचे मूळ कण काही दहा नॅनोमीटरचे असतात. नुसती काजळी पाण्यात टाकली तर ती वर तरंगते नाहीतर गुठळ्या होऊन खाली बसते. डिंक घालून तासनतास घोटली की प्रत्येक कणावर डिंकाच्या साखळ्या चढतात आणि शाई बोरूतून सरळ उतरते. घोटणाऱ्याला पॉलिमर हा शब्द ठाऊक नव्हता, पण कमी घोटलेली शाई फुटते हे पक्के ठाऊक होते.

विज्ञानाने याकडे नीट पाहिले ते १८५७ मध्ये. मायकल फॅरडे यांनी सोन्याचे इतके बारीक कण पाण्यात तयार केले की पाणी माणकासारखे लाल दिसू लागले. त्यात मीठ टाकताच रंग निळसर झाला. सोने तेच होते, फक्त कण एकमेकांना चिकटले होते. पुढे रिचर्ड झिगमाँडी यांनी यावरून एक मोजमापच काढले. मिठानेही सोन्याचा लाल रंग बदलू नये म्हणून किती मिलिग्रॅम संरक्षक पदार्थ लागतो, हा तो आकडा. या मोजमापात जिलेटिन डिंकापेक्षा कितीतरी सरस ठरते. झिगमाँडी यांना १९२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

कणाच्या आकाराने रंग कसा बदलतो?

बासरी जितकी आखूड तितका सूर उंच. क्वांटम डॉटचे गणित याच्याशी बरेच मिळतेजुळते आहे. अर्धवाहक पदार्थाच्या कणात इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो आणि कण जितका लहान तितकी ती लाट कोंडली जाते, तिची ऊर्जा वाढते. जास्त ऊर्जा म्हणजे निळा प्रकाश, कमी ऊर्जा म्हणजे लाल. कॅडमियम सेलेनाइड या एकाच पदार्थाचा २ नॅनोमीटरचा कण निळा चमकतो आणि ६ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल. रंगद्रव्य बदलावे लागत नाही, फक्त माप बदलावे लागते.

अलेक्सी एकिमोव्ह यांना हा परिणाम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काचेत दिसला, लुई ब्रूस यांना द्रावणात. १९९३ मध्ये माउंगी बावेंडी यांच्या गटाने जवळजवळ एकाच मापाचे कण हमखास बनवण्याची पद्धत दिली. तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

आवरण नसेल तर चमक का जाते?

इथे आवरणाचे दुसरे काम सुरू होते आणि प्रकाशाच्या दृष्टीने तेच जास्त महत्त्वाचे आहे.

पृष्ठभागावरच्या अणूंची जी मोकळी बाजू आहे, ती इलेक्ट्रॉनसाठी खड्ड्यासारखी असते. कणाने प्रकाश शोषला, इलेक्ट्रॉन वर उडाला, आता खाली येताना त्याने प्रकाश द्यायचा. पण वाटेत खड्डा लागला तर तो त्यात पडतो आणि सगळी ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते. कण तोच, माप तेच, पण चमक नाही. म्हणून क्वांटम डॉटवर आधी झिंक सल्फाइडसारख्या दुसऱ्या अर्धवाहकाचे कवच चढवतात. १९९६ पासून ही पद्धत रूढ झाली. कवचावर सेंद्रिय रेणूंचा थर, आणि त्याबाहेर पॉलिमर. कांद्यासारखी ही रचना असते.

कार्बनच्या बाबतीत तर आवरणाचा परिणाम आणखी ठळक दिसला. अमेरिकेत क्लेमसन विद्यापीठाच्या या-पिंग सन यांच्या गटाने २००६ मध्ये कार्बनचे नॅनोकण बनवले. ते जवळजवळ चमकतच नव्हते. मग त्यांच्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या बसवल्या, आणि तेच कण वेगवेगळ्या रंगांत उजळले. पॉलिइथिलीन ग्लायकॉल म्हणजे मलमांत आणि बद्धकोष्ठाच्या औषधांत वापरले जाते तेच पॉलिमर.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की अंबरनाथच्या शिंगाडा प्रयोगाचे महत्त्व कळते. तिथे बाहेरून वेगळे आवरण चढवलेच नव्हते. सालीच्या अर्कातल्या रेणूंनीच कार्बन पुरवला आणि पृष्ठभागही त्यांनीच सावरला. एका भांड्यात, एका टप्प्यात.

टीव्हीत हे कण कुठे असतात?

‘क्यूएलईडी’ नावाने आज जे विकले जाते तो मुळात एलसीडी टीव्हीच आहे. मागे निळे एलईडी लावलेले असतात. त्यांच्यापुढे एक पातळ फिल्म असते, जिच्यात लाल आणि हिरवे चमकणारे क्वांटम डॉट पॉलिमर रेझिनमध्ये मिसळलेले असतात. निळ्या प्रकाशाचा काही भाग हे कण लाल आणि हिरव्यात बदलतात, उरलेला निळा तसाच पुढे जातो. तिन्ही रंग शुद्ध मिळत असल्याने चित्र खुलते.

या फिल्मचे दोन शत्रू आहेत, हवेतली आर्द्रता आणि ऑक्सिजन. कण उघडे राहिले तर काही काळात काळवंडतात. म्हणून रेझिनच्या दोन्ही बाजूंना ओल न शिरू देणारे प्लास्टिकचे पडदे चिकटवतात. पावसाळ्यात बदलापूरच्या घरात भिंतीला ओल येते तेव्हाही टीव्हीचा रंग उडत नाही, तो या सँडविचमुळे. रेझिन निवडणेही सोपे नाही. कणांवरची आवरणे आणि रेझिन यांचे जमले नाही तर कण फिल्ममध्ये गुठळ्या करतात आणि प्रकाश गढूळ होतो. कण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण दहाव्या भागापेक्षा लहान आणि सुटे असतील तरच फिल्म पारदर्शक राहते. हाच नियम एलईडीच्या भिंगांवर, चष्म्यांच्या कोटिंगवर लागू होतो. त्यांत टायटॅनियम किंवा झिर्कोनियमच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण मिसळून प्लास्टिकचा अपवर्तनांक वाढवला जातो.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना मात्र हेच आवरण नको असते...

पॉलिमर बहुतेक वेळा विद्युतरोधक असते. जे आवरण कणाला गुठळीपासून वाचवते, तेच एका कणातून दुसऱ्या कणात जाणाऱ्या विजेला अडवते. सौरघटासाठी किंवा इन्फ्रारेड सेन्सरसाठी क्वांटम डॉटचा थर दिला जातो तेव्हा लांब साखळ्या काढून तिथे अगदी आखूड रेणू बसवावे लागतात. द्रावणात असताना लांब आवरण, थर बसल्यावर आखूड. ही अदलाबदल करताना थराला भेगा न पडू देणे ही या क्षेत्रातली खरी कारागिरी आहे.

चांदीच्या शाईत याचा उपाय वेगळा आहे. लवचिक प्लास्टिकवर सर्किट छापायला चांदीच्या नॅनोकणांची शाई वापरतात. कणांवर बहुधा पीव्हीपी या पॉलिमरचे आवरण असते. छपाई झाल्यावर शाईला १०० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. आवरण हटते, कण एकमेकांना भिडतात आणि सलग चांदीची रेघ तयार होते. एरवी चांदी वितळायला ९६२ अंश लागतात. पण कण लहान असले की त्यांचा पृष्ठभाग खूप खालच्या तापमानाला एकमेकांत मिसळू लागतो. इतक्या कमी उष्णतेत काम झाले नसते तर खालचे प्लास्टिकच वाकडे झाले असते.

अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांशी याचा काय संबंध?

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत किंवा बदलापूरच्या औद्योगिक पट्ट्यात कुठल्याही रंग वा पिगमेंटच्या युनिटमध्ये बीड मिल फिरताना दिसेल. बारीक मणी भरलेल्या त्या यंत्रात पिगमेंट दळले जाते आणि सोबत ‘डिस्पर्सिंग एजंट’ टाकला जातो. तो एजंट म्हणजे कणाला चिकटून बसणारे पॉलिमर. बॅच फुटली, म्हणजे रंगाच्या गुठळ्या झाल्या, की सुपरवायझर आधी त्याचेच प्रमाण तपासतो. शाई घोटणाऱ्याचे काम इथे मोटर करते, एवढाच फरक. पलीकडे शहाडला सेंच्युरी रेयॉनमध्ये सेल्युलोज या नैसर्गिक पॉलिमरपासून धागा ओढण्याचे काम कित्येक दशके चालत आले आहे.

याचा अर्थ उद्या इथे क्वांटम डॉट बनू लागतील असा नाही. टीव्हीच्या दर्जाचे कण बनवायला ऑक्सिजन आणि ओलावा पूर्ण बाहेर ठेवणारी बंद व्यवस्था, अतिशुद्ध रसायने आणि कणाच्या मापात कमालीचा काटेकोरपणा लागतो. मात्र प्रकाश व इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणारे रेझिन, कोटिंग, डिस्पर्शन हा त्या साखळीचा असा दुवा आहे, ज्याची हातोटी या पट्ट्याला आधीपासून आहे. केंद्र सरकारने २००७ मध्ये एक हजार कोटी रुपयांची तरतूद करून ‘नॅनो मिशन’ सुरू केले. त्यातून प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, निबंधांची संख्याही वाढली. महाविद्यालयाच्या टेबलावरचा प्रयोग दोन-तीन किलोमीटरवरच्या कारखान्याच्या रिअ‍ॅक्टरपर्यंत पोहोचणे मात्र आजही अवघडच आहे. अंबरनाथमध्ये हे अंतर शेअर रिक्षाने जाण्याइतके आहे, हे जास्त बोचते.

सांडपाण्याचे काय?

हा या विषयातला सर्वांत कमी बोलला जाणारा भाग.

कारखान्याच्या ईटीपीत सांडपाण्यातले बारीक कण खाली बसवायला तुरटी किंवा पॉली अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड टाकतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो, तेच तत्त्व. तुरटी कणांवरचा विद्युतभार मारते, कण चिकटतात, जड होतात आणि गाळ बनून खाली बसतात. पण पॉलिमरचे आवरण असलेला कण मुळात विद्युतभारावर अवलंबून नसतोच! त्याला लांब ठेवणाऱ्या साखळ्यांना तुरटीचा फारसा फरक पडत नाही. जे गुण शाईला, रंगाला, टीव्हीच्या फिल्मला हवे होते, तेच ईटीपीत उलटतात. असा कण गाळात न बसता पाण्याबरोबर पुढे जाण्याची शक्यता वाढते. त्याला अडवायचे तर आधी आवरण मोडावे लागते किंवा अगदी बारीक छिद्रांची गाळणी लावावी लागते. दोन्ही महागडे.

कण कशाचा आहे यावर पुढचे ठरते. चांदीचे कण गटाराच्या पाण्यातल्या गंधकयुक्त घटकांशी संयोग पावून सिल्व्हर सल्फाइड बनतात, ते बरेच निरुपद्रवी असते. कॅडमियमचे तसे नाही. ते मूत्रपिंडात साठत जाते आणि शरीरातून बाहेर पडायला दशके लागतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम नसावे. नदीत सोडल्या जाणाऱ्या औद्योगिक सांडपाण्यासाठी पर्यावरण संरक्षण नियमांतली सर्वसाधारण मर्यादा आहे २ मिलिग्रॅम. नदीत पाणी मिसळून ते विरळ होते, हे या दुसऱ्या आकड्यामागे गृहीत आहे. उन्हाळ्यातली वालधुनी पाहिलेल्या माणसाला त्या गृहीतकावर हसू येईल.

आणि इथे पाणी जवळचे आहे. बदलापूरजवळच्या बॅरेजवरून बदलापूर-अंबरनाथला पाणी मिळते. बारवी धरणाचे पाणी उल्हास नदीतून येते, ते जांभूळच्या एमआयडीसी जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध होऊन उल्हासनगरसह खालच्या अनेक शहरांना जाते. दुरुस्तीसाठी हे केंद्र एक दिवस बंद राहिले तरी बातमी होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत टँकरमधून रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरमध्ये शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालय गाठावे लागले. त्या घटनेचा नॅनोकणांशी काही संबंध नव्हता. पण तेव्हा निदान वासावरून कळले होते. पाच नॅनोमीटरच्या कणाला वास नसतो, आणि पाणी दिसायला नितळ राहते.

नियम याकडे कसे पाहतात? सांडपाण्याचे निकष धातूचे एकूण प्रमाण मोजतात. तो विरघळलेला आहे की आवरण घातलेल्या कणाच्या रूपात, हा भेद त्यात नाही. प्रमाण मोजायला हे पुरेसे आहे. पण तो कण गाळात बसणार की नदीत तरंगत जाणार, हे त्या आकड्यावरून कळत नाही. वस्तूंच्या बाबतीत नियम जास्त कडक आहेत. ई-कचरा नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक वस्तूच्या कोणत्याही एकजिनसी भागात वजनाच्या ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त कॅडमियम चालत नाही, युरोपातही हीच मर्यादा आहे. या दबावामुळेच टीव्ही उद्योग कॅडमियमकडून इंडियम फॉस्फाइडकडे वळला. सॅमसंगने २०१५ पासून कॅडमियमरहित कण वापरले. इंडियम फॉस्फाइड हवेत लवकर बिघडतो, त्यामुळे त्याला आवरण आणखी नेटके लागते. २०१९ मध्ये कंपनीच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की कवच नीट चढवले तर हे कणही जवळजवळ १०० टक्के कार्यक्षमतेने प्रकाश देतात.

मग शिंगाड्याच्या सालीचे कण टीव्हीत का नाहीत?

कार्बन डॉटमध्ये जड धातू नसतो, कच्चा माल स्वस्त असतो, पाण्यात ते सहज राहतात. तरी टीव्हीच्या स्पर्धेत ते मागे आहेत. कॅडमियमचा चांगला क्वांटम डॉट २० ते ३० नॅनोमीटर रुंदीच्या अरुंद पट्ट्यात प्रकाश देतो, म्हणजे रंग शुद्ध. कार्बन डॉटचा पट्टा सहसा त्याच्या दुप्पट किंवा त्याहून रुंद असतो, त्यामुळे रंग मिसळल्यासारखा दिसतो. क्लेमसनच्या सुरुवातीच्या कणांची कार्यक्षमता ४ ते १० टक्क्यांच्या घरात होती. ती आता खूप सुधारली आहे, पण लाल रंग अजून रडवतो.

आणखी एक शंका या क्षेत्रातले लोकच बोलून दाखवतात. साल, पाने, रस, काहीही तापवले की चमकणारे पाणी मिळते. ती चमक कणांची की तापवताना तयार झालेल्या साध्या लहान रेणूंची? मिश्रण नीट वेगळे केल्याशिवाय हे सांगता येत नाही. गेल्या काही वर्षांत अशा अनेक ‘हिरव्या’ पाककृतींवर या मुद्द्यावरून प्रश्न उपस्थित झाले. त्यामुळे साखरेचे थर रचून कण निवडण्याचा अंबरनाथचा खटाटोप किरकोळ समजू नये. पुष्कळ निबंधांत तेवढेही केलेले नसते.

कार्बन डॉटची खरी जागा वेगळ्या ठिकाणी दिसते. पेशींचे चित्रण, औषध वाहून नेणे, पाण्यातल्या धातूंचा शोध, नोटा किंवा औषधांच्या खोक्यांवरच्या गुप्त खुणांची शाई. यातल्या पाण्याच्या तपासणीचे तत्त्व सोपे आहे. कणाच्या आवरणावर असे रेणू ठेवायचे की ठरावीक धातू येऊन चिकटला की चमक विझेल. पारा, लोखंड, तांबे यांच्यासाठी अशी द्रावणे जगभरच्या प्रयोगशाळांत बनवली गेली आहेत. नमुन्याचे पाणी कुपीत घ्यायचे, दोन थेंब टाकायचे आणि नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरायचे. हिरवी चमक राहिली तर ठीक. विझली तर तो नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा.